खिशातला कॅमेरा आणि पुसलेले फोटो

तंत्रज्ञानाचा इतिहास म्हटलं की आपण आधी विचारतो, शोध कोणी लावला? डिजिटल कॅमेऱ्याबाबत उत्तर सहज सापडतं. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरने असा कॅमेरा जोडला. वजन साधारण ३.६ किलो, चित्र १०० × १०० पिक्सेलचं आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद!

पण रोजच्या वापराचा इतिहास वेगळा आहे. १९९५ मध्ये कॅसिओचा क्यूव्ही-१० आला. चित्र ३२० × २४० पिक्सेलचंच, पण कॅमेऱ्याच्या मागे छोटा एलसीडी पडदा. फोटो काढा, लगेच बघा, नको तर डिलीट करा.

तुमच्या संशोधनासाठी हा बदल महत्त्वाचा आहे. फिल्मवर फसलेला फोटोही निगेटिव्हमध्ये शिल्लक राहायचा. डिजिटलमध्ये तो जागच्या जागी पुसता येऊ लागला. म्हणजे एखाद्या घरातले २००५ चे फोटो तुम्ही साधन म्हणून वापरणार असाल, तर ते आधीच निवडलेले असू शकतात हे लक्षात ठेवा.

मग करायचं काय? फाईलचे क्रमांक बघा. बहुतेक कॅमेरे ओळीने क्रमांक देतात. ००४१ नंतर एकदम ००४५ असेल, तर मधले फोटो पुसले किंवा हलवले गेले असावेत. एक्झिफमधली तारीखही तपासून घ्या. ती कॅमेऱ्यातल्या घड्याळाची असते, आणि ते घड्याळ कोणी लावलंच नसेल तर तारीख चुकणारच.

जे फोटो उरले ते वाचाच, पण गाळलेल्या जागाही टिपून ठेवा.