नगरसभेतील व्यापारी : जोतीराव फुले

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला आता महात्मा जोतिबा फुले मंडई हे नाव आहे. पुण्याच्या जुन्या रे मार्केटलाही महात्मा फुले मंडई म्हणतात. आपल्या कांजूर-भांडुपकडील कितीतरी कुटुंबे लग्नसराईच्या खरेदीला यांपैकी पहिल्या मंडईत जाऊन आलेली असतील. परंतु ज्यांचे नाव या दोन्ही मंडयांना लाभले, त्या जोतीरावांनी पुण्याच्या मंडईवरील खर्चास नगरपालिकेत विरोध केला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

धंद्यातला माणूस नगराचा कारभारी झाला की आपण त्याच्या भाग्याचे कौतुक करतो. जोतीराव नगराध्यक्ष कधी झाले नाहीत; ते केवळ सभासद होते. पण व्यापाऱ्याने नगराचा पैसा कसा पाहावा, याचा धडा त्यांच्याइतका स्वच्छ क्वचितच कोणी घालून दिला असेल.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. घराणे मूळचे गोऱ्हे; फुलांच्या धंद्यावरून फुले हे नाव पडले. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली, हे सर्वश्रुत आहे. मात्र शाळा काढणाऱ्याला पोटही असते. जोतीरावांनी सरकारी नोकरीचा आश्रय न घेता धंदा केला. धातूच्या ओतकामाला लागणारे साहित्य विकण्याची एजन्सी त्यांनी घेतली. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या व्यवहारात ते होते. यरवड्याच्या पुलाचे काम त्यांनी केले, खडकवासल्याच्या धरणासाठी माल पुरवला आणि मांजरीला शेती केली. मजुराची हजेरी, दगडाचा भाव आणि सार्वजनिक कामातील गळती ही त्यांनी कागदावर नव्हे, कामावर उभे राहून पाहिली.

१८७६ साली सरकारने त्यांना पुणे नगरपालिकेवर नेमले. १८८२ पर्यंत ते सभासद होते. त्या काळी सभासदाला म्युनिसिपल कमिशनर म्हणत. हे पद लोकांच्या मताने मिळालेले नव्हते. सरकारने नेमलेल्या माणसाने सरकारची मर्जी राखावी, हीच तेव्हाची रीत. आणि कंत्राटदाराला तर मर्जीची गरज अधिक. जोतीरावांची परीक्षा येथेच होती.

१८८० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. ही रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावी, असे जोतीरावांचे म्हणणे पडले आणि विरोधी मत त्यांनी एकट्यानेच दिले. १८७६-७८ च्या दुष्काळाची आठवण तेव्हा ताजी होती. १८७७ साली धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी आश्रम चालविण्यात त्यांचा हात होता. एका मुलाच्या तोंडी घास घालण्यास काय पडते, याचा हिशेब ज्याने केला, त्याला कमानी-पताकांचे हजार रुपये थोडे कसे वाटावेत? त्याच १८८० साली शहरातील दारूची दुकाने वाढत असल्याबद्दलही त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून तक्रार केली.

मंडईच्या खर्चाला त्यांनी केलेला विरोध याच जातीचा होता. तेव्हा पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील उघड्या जागेत भरे. नवी इमारत उठली असती तर भाजीपाल्याशी संबंध असलेल्या माणसाचे त्यात नुकसान नव्हते. तरीही त्यांनी विरोध केला. आपल्या धंद्याची सोय आणि नगराची गरज ही दोन खाती त्यांनी एकत्र मिसळली नाहीत, असेच यावरून आम्हांस दिसते.

अर्थात मंडई झाली. १८८६ साली ती उघडली आणि शेकडो विक्रेत्यांच्या डोक्यावर छप्पर आले. तिच्या उपयोगाविषयी आज कोणी वाद घालणार नाही. वाद होता तो आधी काय आणि मग काय, याचा. मुंबईतही हेच घडले होते. आर्थर क्रॉफर्ड यांनी १८६९ ची मंडई धरून पुष्कळ उपयुक्त कामे केली, पण उधळपट्टीने करदाते १८७१ साली खवळले. त्यातूनच १८७२ च्या कायद्याने लोकनियुक्त सभासद आले.

१८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी स्वतःस व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर म्हणवले. शाळांचा संस्थापक, ग्रंथकार किंवा सत्यशोधक समाजाचा जनक अशी ओळख देणे त्यांना सहज शक्य होते. धंदा त्यांना लपवावासा वाटला नाही. महात्मा ही पदवी लोकांनी पुढे, ११ मे १८८८ रोजी, मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात दिली. त्याच वर्षी मुंबई महानगरपालिकेचा मूळ अधिनियम झाला. १९५० साली शहराची हद्द भांडुपपर्यंत वाढली, तेव्हा आपले कांजूरही त्याच्या कक्षेत आले.

पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने पुण्याच्या मंडईला जोतीरावांचे नाव मिळाले. कित्येकांना यात विसंगती दिसते. आम्हांला तशी ती वाटत नाही. बाजारात जाणारी गृहिणी आधी पिठाचा भाव विचारते आणि मग मिठाईचा. नगरसभेत हाच प्रश्न विचारणारा एक तरी सभासद असावा लागतो. मग तो अध्यक्षाच्या खुर्चीवर बसो की एकटा विरोधी मत देवो. पुण्याच्या नगरसभेत तो प्रश्न विचारणारा सभासद व्यापारी होता.