वाडीचा धक्का

वाशिष्ठीच्या खाडीवर, दाभोळ आणि गोवळकोट यांच्या मध्ये, आमच्या वाडीचा जुना धक्का आहे. जांभ्या चिऱ्याच्या पायऱ्या आणि त्यांच्यापुढे चिखलात ठोकलेल्या खुंटांवर माडाची चिरलेली खोडं. वाडीत घरं पुष्कळ, धक्का मात्र एकच. आजोबांचा पडाव इथेच लागायचा. मंगलोरी कौलं, मीठ, भात, नारळ, सगळं याच पायऱ्यांवरून चढायचं-उतरायचं. भरती धरून होड्या वर गोवळकोटला, म्हणजे चिपळूणच्या बंदराला जायच्या आणि ओहोटीला खाली यायच्या. उधाणाच्या दिवसांत माल भरायचा आणि भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत डागडुजी, असा शिरस्ता होता.

पाण्यात बुडणाऱ्या खालच्या पायऱ्यांना चुना नव्हता, तिथे कोरडी रचाई होती. चिऱ्यांच्या फटींतून पाणी आत-बाहेर होई. फटींत कालवं धरत, चिंबोऱ्या घर करत. पुढचा खोडांचा साकव दोन माणसं शेजारून जाऊ शकणार नाहीत इतका अरुंद. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, त्यावरची खोडं काढून पडवीत ठेवायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा टाकायची. त्यामुळे भर पावसाळ्यात तिथल्या चिखलावर सावली नसे आणि पुराच्या पाण्याला अडथळाही नसे. दोन्ही बाजूंना तिवरं उभी होती, ती काठ धरून ठेवत.

हे सगळं वडीलधाऱ्यांनी निसर्गाच्या काळजीने केलं, असं मी म्हणणार नाही. पुरात खोडं वाहून जाऊ नयेत म्हणून ती काढत, लाकूड महाग म्हणून साकव अरुंद ठेवत. जळणासाठी तिवरं तोडलीही. पण त्यांच्या काटकसरीने खाडी मोकळी राहिली.

मग रस्ते झाले, 1 मे 1998ला कोकण रेल्वेचं लोकार्पण झालं, आणि खाडी घराच्या पुढच्या दारातून मागच्या परसात गेली. आता ती पुन्हा हवी झाली आहे, पण बंगल्यातून बघायला. मोकळ्या जागेत भराव टाकायचा, त्यावर काँक्रीटचा रुंद कट्टा घालायचा आणि प्रत्येकाने आपापला धक्का करायचा. भरीव बांधकामाने काठालगतचा प्रवाह अडतो. एका अंगाला गाळ साचतो, दुसऱ्या अंगाला काठ कापला जातो. साचलेल्या गाळात तिवरांची वर आलेली श्वसनमुळं बुजली की झाड उभं राहूनही मरतं.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात काठावरच्या घरोघरी असे आपापले धक्के आहेत. तिथे पाण्याखालचं समुद्रगवत सावलीने मरतं हे लक्षात आल्यावर 2001 साली मार्गदर्शक नियम निघाले: फळ्यांचा मार्ग 4 फुटांहून रुंद नको, भरतीच्या पाण्यापासून निदान 5 फूट उंच हवा, दोन फळ्यांत निदान अर्धा इंच फट हवी. हे वाचताना मला आमचा साकव डोळ्यांपुढे आला. अरुंदपण आणि फटी आमच्याकडे आधीपासून होत्या.

आपल्याकडेही कायदा आहे. 19 फेब्रुवारी 1991च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीच्या रेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या बांधकामांवर निर्बंध आणले. 17 सप्टेंबर 2018ला मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन, म्हणजे तिवरांचं रान, तोडायला सरसकट मनाई केली आणि त्याभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यातही बांधकाम व भराव नको असं सांगितलं. सार्वजनिक हितासाठी अपवाद हवा असेल तर न्यायालयाची परवानगी लागते. माझ्या मते खाडीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने हा निकाल मराठीत छापून भिंतीवर लावावा.

आणि खाडीकाठी जमीन घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. आपला धक्का बांधायच्या आधी वाडीचा जुना धक्का कुठे आहे ते विचारा. त्याचे ढळलेले चिरे बसवून घ्या, खुंट बदला आणि सगळ्यांनी मिळून तोच वापरा.