कादंबरीकाराची चिनी कविता

इ. स. १९१६ च्या उन्हाळ्यांत जपानचे विख्यात कादंबरीकार नात्सुमे सोसेकी हे तोकिओ येथें एक विलक्षण दिनक्रम पाळीत असत. सकाळीं ते ‘आसाही’ या दैनिकासाठीं ‘मेइआन’, म्हणजे ‘प्रकाश आणि अंधार’, ही कादंबरी लिहीत आणि दुपारीं बहुधा एक चिनी कविता रचीत. पतिपत्नींचा अहंकार, पैशाची तंगी, आप्तांचे संशय यांच्या नित्य चित्रणानें मन गढूळ होतें, म्हणून हा उपाय, अशा अर्थाचें पत्र त्यांनीं आकुतागावा व कुमे या तरुण लेखकांस लिहिलें होतें.

जपानांत चिनी कवितेची परंपरा फार जुनी. ‘काइफूसो’ हा तिचा संग्रह इ. स. ७५१ मधील आहे. चिनी बोलतां न येणारा जपानी पंडितही ती रचूं शके. कारण चिनी अक्षरें त्याच्या नित्याच्या परिचयाचीं असून ओळ जपानी शब्दक्रमानें वाचण्याची रीत रूढ होती. नियम मात्र कडक. सोसेकींच्या आवडत्या प्रकारांत आठ ओळी, प्रत्येकींत सात अक्षरें. मधल्या दोन जोड्यांत शब्दास शब्द तोलून धरावा लागे आणि यमकें चिनी उच्चारांच्या कोशाबरहुकूम जुळवावीं लागत. इके नो ताइगा (१७२३–७६) यांच्यासारख्या विद्वान चित्रकारांनीं काव्य, सुलेखन आणि चित्र हीं एकाच कुंचल्याचीं कामें मानिलीं होतीं. सोसेकीही त्याच वाटेचे. भिक्षु रियोकान (१७५८–१८३१) यांच्या हस्ताक्षरावर त्यांचा मोठा लोभ होता.

या कवितांतील पांढरे ढग, बांबूंचीं बनें, निर्जन डोंगर हे तोकिओच्या रस्त्यांत दिसणारे नव्हते. ते ग्रंथांतून आलेले होते. मग हा जुन्या विद्येचा नुसता विरंगुळा म्हणावा काय? लहानपणीं चिनी ग्रंथ अभ्यासून, पुढें इंग्लंडांत दोन वर्षें काढून विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या या गृहस्थांस दोन्ही विद्यांचें मोल ठाऊक होतें. मनुष्यस्वभावाचा गुंता उकलण्यास त्यांनीं कादंबरी पत्करली. त्या गुंत्यापासून स्वतःस अलिप्त ठेवण्यास छप्पन्न अक्षरांची चौकट. सकाळची निर्दय दृष्टि दुपारच्या निवांतपणाच्या बळावर टिकून राहिली.

१४ ऑगस्टपासून अशा सुमारें ७५ कविता झाल्या. शेवटची २० नोव्हेंबरच्या रात्रीची. ती पूर्ण आहे. २२ नोव्हेंबरला पोटाच्या जुन्या व्रणानें ते लेखनाच्या मेजावरच कोसळले. समोरच्या कागदावर पुढील प्रकरणाचा ‘१८९’ हा आंकडा काय तो उतरला होता. ९ डिसेंबर रोजीं ते निवर्तले आणि कादंबरी १८८ प्रकरणांवरच थांबली.