पॉवर वाढवली की प्रश्न मिटतो?

"आमच्याकडे आकाशवाणी नीट लागत नाही, पॉवर का वाढवत नाहीत?" हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकतोय. मीही विचारायचो. मग अमेरिकेतल्या एका स्टेशनचा इतिहास वाचला आणि कळलं, उत्तर वाटतं तेवढं सोपं नाही.

सिनसिनाटीचं डब्ल्यूएलडब्ल्यू. मालक पॉवेल क्रॉस्ली स्वस्त रेडिओ संच विकायचा. साध्या संचावरही ऐकू यावं म्हणून स्टेशन दणदणीत हवं, हे त्याचं गणित. 1922 मध्ये 50 वॅटवर सुरू झालेलं हे स्टेशन 1928 मध्ये 50 किलोवॅटवर गेलं. 2 मे 1934 ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमधून कळ दाबली आणि 700 किलोहर्ट्झवर 500 किलोवॅट सुरू झाले! टॉवर 831 फुटी. तारेची कुंपणं बोलायला लागली, असे किस्से आसपासचे लोक सांगायचे.

आता गंमत बघा. शक्ती दहापट केली की लहरींची तीव्रता फक्त सव्वातीनपट होते. जमीन लहरी शोषत जाते, त्यामुळे अंतर त्याहूनही कमी वाढतं. म्हणजे वीज दहापट, पण पल्ला काही दहापट नाही.

रात्रीचं प्रकरण वेगळंच. दिवसा वातावरणाचा एक थर मध्यम लहरी गिळतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरावरून परतून शेकडो मैलांवर उतरतात. कार्यक्रम लांब जातो, तसा त्रासही लांब जातो. कॅनडात टोरांटोचं सीएफआरबी 690 वर होतं, म्हणजे अगदी शेजारी. तिकडून तक्रार झाली. अमेरिकी आयोगाने रात्री पुन्हा 50 किलोवॅटवर यायला लावलं. शेवटी क्रॉस्लीने आणखी दोन टॉवर उभारून टोरांटोच्या दिशेला जाणाऱ्या लहरी दाबल्या, तेव्हा 1935 मध्ये रात्रीची परवानगी परत मिळाली.

पण तोवर वाद तंत्राचा राहिला नव्हता. इतर बड्या स्टेशनांनाही 500 किलोवॅट हवे होते. छोट्या गावांतल्या स्टेशनांना भीती, की आपले श्रोते आणि जाहिराती हेच पळवणार. 1938 मध्ये सिनेटने ठराव केला, 50 किलोवॅटच्या वर कुणालाच नको. 1 मार्च 1939 ला डब्ल्यूएलडब्ल्यू पुन्हा 50 वर आलं.

आपल्याकडेही मोठे प्रक्षेपक आले. 1988 मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरहून सुरू झाली, ती 1000 किलोवॅटवर, म्हणजे डब्ल्यूएलडब्ल्यूच्या दुप्पट. रात्रभर देशाच्या मोठ्या भागाला एकाच ठिकाणाहून ऐकवायचं, तर शक्ती लागतेच. प्रत्येक जिल्ह्याच्या स्टेशनला मात्र हा उपाय चालणार नाही.

गणपतीत दोन मंडळांचे स्पीकर समोरासमोर लागतात, ते आठवा. एकाने आवाज वाढवला की दुसराही वाढवतो. शेवटी दोघांचंही गाणं कळत नाही, बिल मात्र वाढतं. रेडिओचंही तसंच. सगळ्यांनी शक्ती दहापट केली, तर विजेच्या खरखरीवर थोडी मात होईल, पण एकमेकांचा अडथळा जसाच्या तसा राहील.

म्हणून मागणी करताना नुसतं "पॉवर वाढवा" म्हणू नका. आपल्या फ्रिक्वेन्सीच्या शेजारी कोण आहे आणि रात्री त्याचं काय होणार, हेही विचारा. हवा सगळ्यांची आहे, पण जागा मोजकीच आहे.