वऱ्हाडातील नासिकापरीक्षेचा इतिहास

नाकातील स्राव काडीवर घेऊन त्यावरून रोगाचा निर्णय करण्याची रीत वऱ्हाडाने २०२० सालीच प्रथम पाहिली, असा समज आता रूढ होऊ लागला आहे. परंतु ज्या प्रांतात अचलपूरजवळ कोठारा येथे मिशनचे कुष्ठरुग्णालय उभे राहिले आणि अमरावतीस दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ साली तपोवनात कुष्ठरुग्णांच्या निवासाचा पाया घातला, त्या प्रांताने तरी या परीक्षेची पूर्वपीठिका विस्मरू नये. हॅन्सेन यांनी १८७३ साली नॉर्वेत कुष्ठाचा जंतू शोधून काढला, आणि १८९७ च्या बर्लिन येथील कुष्ठपरिषदेत श्टिकर यांनी नाक हेच त्या रोगाचे आद्य ठाणे होय, असे प्रतिपादन केले. तेव्हापासून पुढे कित्येक दशके कुष्ठचिकित्सेत त्वचेच्या नमुन्याबरोबर नाकाचाही नमुना घेतला जाई. रोग्यास प्रथम नाक शिंकरावयास सांगून, सलईस कापूस गुंडाळून ती नाकाच्या मधल्या पडद्यावर हलकेच फिरवावयाची, काचपट्टीवर तिचा लेप द्यावयाचा, आणि रंगक्रियेनंतर निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या शलाकांसारखे जंतू दिसतात की काय, हे सूक्ष्मदर्शकातून पाहावयाचे, असा तिचा क्रम होता. ही कृती दोन-चार क्षणांची. परंतु कुष्ठाचा निर्णय झाला म्हणजे घर, गाव आणि सोयरीक तिन्ही तुटत. हिंदुस्थान सरकारच्या १८९८ च्या कायद्याने तर भिक्षेकरी कुष्ठरोग्यास वॉरंटावाचून पकडण्याचा अखत्यार पोलिसांना दिला, आणि तो कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. दाजीसाहेबांच्या कार्याची थोरवी मला येथेच दिसते: निदानाने ज्यांना गावाबाहेर घातले, त्यांच्यासाठी त्यांनी गाव वसविले.

एप्रिल २०२० मध्ये अकोला आणि अमरावती येथे करोनाचे रुग्ण आढळले, तेव्हा नमुने प्रथम नागपुरास रवाना होत. पुढे त्याच वर्षी अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात तपासणीची सोय झाली. या नव्या परीक्षेत काडी कपाळाच्या दिशेने वर न नेता, नाकाच्या तळाशी समांतर, घशाच्या मागील भिंतीस टेकेपर्यंत न्यावयाची, तेथे क्षणभर फिरवून, द्रवाच्या नळीत घालून, थंड ठेवून पाठवावयाची. कापसावर जगणाऱ्या या प्रांतात त्या काडीस कापूस मात्र वर्ज्य होता. कापूस आणि लाकूड यांनी विषाणूच्या जनुकीय परीक्षेत व्यत्यय येण्याची भीती असल्याने कृत्रिम धाग्याचा बोळा व प्लास्टिकची दांडी वापरावी लागे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत रुग्णसंख्या एकाएकी वाढली, आणि २२ तारखेपासून अमरावती व अचलपूर शहरांत टाळेबंदीचा हुकूम लागू झाला.

परंतु या इतिहासातील अत्यंत क्लेशकारक प्रकरण त्याआधीचे, जुलै २०२० मधले, बडनेऱ्याचे आहे. नाकाचा नमुना दिलेल्या एका तरुणीस आणखी तपासणी आवश्यक असल्याची बतावणी करून तेथील प्रयोगशाळा तंत्रज्ञाने तिच्या गुप्तांगातून नमुना घेतला. करोनाच्या परीक्षेत असा नमुना घेतलाच जात नाही; तिने चौकशी केली, फिर्याद दिली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अमरावतीच्या न्यायालयाने त्या तंत्रज्ञास दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.