डिफचं आजोळ

एका प्रोग्रॅमरने दुसऱ्याच्या कोडमधली चूक दुरुस्त केली, की तो अख्खी फाइल परत पाठवत नाही. जुनी ओळ उण्याचं चिन्ह लावून, नवी ओळ अधिकाचं चिन्ह लावून, आणि जागा कळावी म्हणून वरच्या-खालच्या तीन-तीन ओळी, एवढंच पाठवतो. या चिठोऱ्याला पॅच म्हणतात आणि तो काढून देणाऱ्या प्रोग्रॅमला डिफ. कोडच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणारं गिट वापरणारे लोक दिवसातून कितीदा तरी असे फरक पाहतात. नेमक्या कोणत्या ओळी बदलल्या हे ठरवण्याची जी रीत गिट मुळात वापरतं, ती युजीन मायर्स यांनी १९८६ साली प्रसिद्ध केली. हेच मायर्स पुढे सेलेरा कंपनीत गेले आणि मानवी जीनोमचे तुकडे संगणकावर जुळवणाऱ्या चमूचे प्रमुख झाले.

हा योगायोग की नातं, हा खरा प्रश्न. बाकीची वंशावळ झटपट उरकता येते.

पॅच हा शब्द भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्यांच्या काळातला. चुकीच्या भोकावर खरोखरच कागदाचं ठिगळ चिकटवत. डिफ १९७४ साली बेल लॅब्जच्या युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीत आला. कर्ते डग्लस मॅकिलरॉय. एका प्रोग्रॅममधून निघालेली माहिती थेट दुसऱ्यात सोडणाऱ्या ‘पाइप’ची कल्पनाही त्यांचीच. डिफमागची रीत त्यांनी जेम्स हंट यांच्याबरोबर १९७६च्या अहवालात मांडली.

पण फरक दिसला, तरी तो दुसऱ्याच्या फाइलवर चढवायचा कसा? डिफकडून ‘ईडी’ या एडिटरसाठी सूचना काढून घेता येत. त्या सूचना ओळींच्या क्रमांकांवर चालत. त्या दुसऱ्याने मधल्या काळात फाइलच्या डोक्यावर दोन ओळी वाढवल्या असतील, तर दुरुस्ती भलत्याच ठिकाणी जाऊन बसे. बर्कलीच्या युनिक्समधला डिफ १९८१ पासून आजूबाजूच्या ओळीही छापू लागला होता. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये ‘पॅच’ नावाचा प्रोग्रॅम लिहून या ओळींचा पत्त्यासारखा उपयोग केला. क्रमांकावर जागा सापडली नाही, तर पॅच वर-खाली सरकून शोधतो. तरीही जमलं नाही, तर संदर्भाच्या कडेच्या एक-दोन ओळींकडे काणाडोळा करून पुन्हा पाहतो. इतकं करूनही न बसलेला तुकडा तो वेगळ्या फाइलीत काढून ठेवतो. दोन वर्षांनी पर्ल ही भाषा घडवणारे वॉल मुळात भाषाशास्त्राचे विद्यार्थी. क्रमांकापेक्षा संदर्भावर भरवसा ठेवण्याचं मूळ तिथे शोधायचा मोह आवरत नाही.

१९९५ साली काही वेबमास्टरांनी एकमेकांचे पॅच गोळा करून एक जुना वेब सर्व्हर चालता ठेवला आणि त्यातून अपाची सर्व्हर उभा राहिला. ‘अ पॅची’, म्हणजे ठिगळांचा सर्व्हर, म्हणून हे नाव पडलं, असं त्यांच्याच संकेतस्थळावर एके काळी लिहिलेलं होतं. संस्थापकांपैकी ब्रायन बेलेनडॉर्फ यांनी मात्र नाव अपाची जमातीवरून घेतल्याचं सांगितलं. कोटी नंतर जुळली असावी. इतकी नेमकी बसलेली व्युत्पत्ती बहुधा मागाहून सुचलेली असते.

आता मूळ प्रश्न. दोन फाइली समोर ठेवल्या, की डिफ दोन्हींत त्याच क्रमाने आढळणाऱ्या ओळींची सर्वांत लांब मालिका शोधतो. तिच्याबाहेर उरलेल्या जुन्या ओळी उणे, नव्या ओळी अधिक. जीवशास्त्रज्ञ दोन प्रथिनांमधल्या अमिनो आम्लांचे क्रम शेजारी ठेवून जवळजवळ हाच प्रश्न विचारत होते. सॉल नीडलमन आणि क्रिश्चियन वुन्श यांनी त्याचं उत्तर १९७० साली प्रसिद्ध केलं, म्हणजे डिफच्या चार वर्षं आधी. सनावळी पाहून डिफचं आजोळ जीवशास्त्रात आहे, असा निकाल द्यावासा वाटतो.

तो टिकत नाही. कीव्हमध्ये तारास विन्त्स्युक यांनी १९६८ सालीच बोललेले शब्द ओळखण्यासाठी हीच युक्ती वापरली होती. एक माणूस भरभर बोलतो, दुसरा सावकाश, तरी शब्द एकच हे यंत्राला कळायला हवं होतं. १९७४ मध्ये वॅग्नर आणि फिशर यांनी ती अक्षरमालांसाठी मांडली. डेव्हिड सँकॉफ आणि जोसेफ क्रुस्कल यांनी १९८३ साली संपादित केलेल्या ग्रंथात हे सगळे पंथ एकत्र दिसतात. गरज पडली तशी ही रीत ठिकठिकाणी नव्याने जन्मली.

दुसरा मुद्दा अधिक बोचरा आहे. प्रथिनांची तुलना करताना एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरं येणं ही वेगळी घटना मानतात आणि ती किती संभवते यावर तिला गुण देतात. डिफकडे ‘बदल’ असं काही नाहीच. एक स्वल्पविराम हलवला, तरी अख्खी ओळ उणे होते आणि अख्खी ओळ अधिक. उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्याकडून उसनं घेतलेलं हत्यार असं आंधळं असलं नसतं.

पण हिशेब उलट मांडला, तर नातं लागतं. दहा हजार ओळींच्या दोन आवृत्त्या नीडलमन-वुन्श यांच्या जुन्या पद्धतीने ताडायच्या, तर दहा कोटी घरांचा तक्ता भरावा लागतो. मायर्स यांच्या रीतीत जुळणाऱ्या ओळींवरून जवळपास फुकट घसरत जाता येतं, मोल पडतं ते फरकांचं. पाचच ओळी बदलल्या असतील, तर काम पटकन संपतं. (हेलसिंकीच्या एस्को उक्कोनेन यांना हीच गोष्ट स्वतंत्रपणे सापडली होती, तेव्हा श्रेय वाटून द्यायला हवं.) माणूस आणि यीस्ट यांच्या प्रथिनांत फरकच फार, तिथे या रीतीचा उपयोग थोडा. मात्र डीएनएचा एकच तुकडा यंत्राने दोनदा वाचला, तर दोन्ही वाचनांत फरक पडतो तो केवळ वाचनाच्या चुकांचा. ही स्थिती एका फाइलच्या लागोपाठच्या दोन आवृत्त्यांसारखीच आहे.

आणि नेमकी तिथेच ही रीत पोचली. वेब मिलर यांनी १९८५ साली मायर्स यांच्याबरोबर फाइली ताडणाऱ्या प्रोग्रॅमवर निबंध लिहिला होता. २००० साली त्यांनी सहकाऱ्यांसह तशीच रीत केवळ वाचनाच्या चुकांनी वेगळ्या झालेल्या डीएनए-क्रमांसाठी मांडली. ड्रेस्डेनला गेलेल्या मायर्स यांनी २०१४ मध्ये चुकांनी भरलेली लांबलचक वाचनं जुळवायला ‘डॅलाइनर’ लिहिला, तेव्हा आपल्या १९८६च्या रीतीलाच पुन्हा हात घातला. सारखे जैविक क्रम शोधणाऱ्या ‘ब्लास्ट’च्या १९९०च्या निबंधावरही मिलर आणि मायर्स ही दोन्ही नावं आहेत. तो निबंध या नात्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो, पण ब्लास्ट छोट्या शब्दांच्या जुळणीवरून शोध सुरू करतो, त्याचं घराणं वेगळं. तो वगळूनही कर्ज कोणी कोणाकडून घेतलं हे स्पष्ट आहे: इथे देणेकरी जीवशास्त्र आहे, सावकार फाइल.

एका बाबतीत मात्र प्रोग्रॅमर जीवशास्त्रापासून फारकत घेतात. त्यांचा फरक माणसाने वाचायचा असतो. कमीत कमी चिन्हांचा हट्ट धरला, की डिफ एका फंक्शनचा शेवटचा महिरपी कंस दुसऱ्या फंक्शनच्या कंसाशी जुळवतो, कारण त्याच्या लेखी दोन्ही ओळी सारख्याच. मग नवं फंक्शन जुन्याच्या पोटातून फुटल्यासारखं दिसतं, आणि तपासणारा वैतागतो. बिटटोरेंट तयार करणारे ब्रॅम कोहेन यांनी यावर पत्त्यांच्या पेशन्स डावाचं नाव असलेली रीत काढली: दोन्ही फाइलींत एकेकदाच येणाऱ्या ओळी आधी जुळवायच्या, कंसांकडे नंतर पाहायचं. चिन्हं कधी कधी जास्त पडतात, पण वाचणाऱ्याला बदल कळतो. गिटमध्ये ‘पेशन्स’ असा पर्याय सांगितला की ती चालते. न सांगितला तर मायर्स.