नजरसानी : फाशीनंतरची दुसरी नजर

उर्दूत नजरसानी असा शब्द आहे. सानी म्हणजे दुसरा. नजरसानी म्हणजे एकदा पाहिलेले पुन्हा पाहणे. पेपर देण्याआधी 'नजरसानी करा' असे मी वर्गात मुलांना रोज सांगतो. आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथल्या कोर्टकचेरीची भाषा उर्दू, म्हणून निकालाच्या फेरविचारालाही हाच शब्द होता.

आपल्या संविधानाने ही नजरसानी कलम १३७ मध्ये ठेवली आहे. सर्वोच्च न्यायालय स्वतःच्या निकालाचा फेरविचार करू शकते. पण प्रत्यक्षात हा अर्ज भरल्या कोर्टात चालत नसे. न्यायाधीश आपल्या दालनात कागद वाचत आणि बहुतेक वेळा फेटाळत. वकिलाला बोलायची संधी नसे. फाशीच्या कैद्यालाही हाच नियम होता.

आता नाशिक जिल्ह्यातले एक प्रकरण पाहा. जून २००३ मध्ये तिथे एका गरीब कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बलात्कारही झाला. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. २०१० मध्ये त्यांचा फेरविचार अर्जही फेटाळला गेला. दार बंद झाले.

ते उघडले एका भलत्याच माणसाच्या खटल्याने. मोहम्मद आरिफ उर्फ अशफाक हा पाकिस्तानी नागरिक. डिसेंबर २००० मधल्या लाल किल्ला हल्ल्यात त्याला फाशी झाली होती. फेरविचार उघड्या कोर्टात ऐकावा, अशी मागणी करणाऱ्यांत तो होता. २ सप्टेंबर २०१४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने ती मान्य केली. फाशीच्या प्रकरणात फेरविचार तीन न्यायाधीशांपुढे, उघड्या कोर्टात, वकिलाचे म्हणणे ऐकून व्हावा. वेळ जास्तीत जास्त अर्धा तास.

त्या अर्ध्या तासाची किंमत नाशिकच्या प्रकरणात कळली. २०१८ मध्ये सहा जणांचा फेटाळलेला अर्ज पुन्हा घेतला गेला, आणि पुरावा नव्याने तपासताना आधी दुर्लक्षिलेली गोष्ट पुढे आली. वाचलेल्या साक्षीदार महिलेने पोलिसांच्या फोटोंतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्यांच्यावर खटलाच भरला नव्हता. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. हे लोक भटक्या जमातीतले आणि अत्यंत गरीब आहेत, त्यांना खोटे गोवले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयानेच म्हटले. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. भरपाई मिळाली प्रत्येकी पाच लाख, म्हणजे महिन्याला साधारण सव्वीसशे रुपये. आणि ज्यांचे पाच जीव गेले, त्या कुटुंबाला खरा गुन्हेगार कोण हे सोळा वर्षांनीही कळले नाही.

आरिफचे काय झाले? २०१४ च्या निकालाचा फायदा सुरुवातीला त्यालाच नाकारला गेला होता, कारण त्याचे पुढचे अर्जही आधीच संपले होते. २०१६ मध्ये परवानगी मिळाली, सुनावणी झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये अर्ज फेटाळला गेला. त्याला ऐकले, दोषी मानले, इतकेच.

'अतिरेक्याला कशाला हवी सुनावणी?' असे चहाच्या टपरीवर कोणी म्हणाले की आपल्यातले बरेच जण गप्प बसतात. बोललो तर आपल्यावरच बोट येईल, ही भीती मलाही वाटते. पण आता मी नाशिकची गोष्ट सांगतो. आरिफसाठी रडायचे कारण नाही. मात्र त्याला ऐकायचे नाही असे तेव्हा ठरले असते, तर त्या सहा मजुरांनाही कोणी ऐकले नसते.